खारट आंब

१

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भैरू पवनेच्या पात्रात सापडला. थेरगावच्या अंगाला नदी वळण घेते, तिथे गेनबा गाडीवान वाळू भरायला उतरला होता. त्याला आधी काठावर घडी घालून ठेवलेली पांढरी बंडी दिसली आणि मग पाण्यात पालथा पडलेला माणूस. गेनबाने हाका मारून माणसं गोळा केली, कमरेइतक्या पाण्यात उतरून भैरूला बाहेर काढलं आणि काठावर बसून लहान पोरासारखा रडला. फौजदार आले, बघून गेले. धुळवडीला माणसं पितात, अंगाचा चिखल धुवायला नदीवर जातात आणि एखादा बुडतो. नाकातोंडात वाळू होती, पण नदीत बुडालेल्याच्या नाकातोंडात दुसरं काय असणार? प्रकरण तिथेच मिटलं.

मिटलं नाही ते फक्त मंजुळाबाईच्या डोक्यात.

मंजुळाबाई ही भैरूची थोरली बहीण. हर्णैच्या किनाऱ्यावरची. नवरा गेल्यावर कासारवाडी स्टेशनाजवळ तिने खाणावळ घातली आणि तिच्या जोरावर भैरूला गावाहून आणून इथल्या फाउंड्रीत चिकटवला. आई गेली तेव्हा तो रांगत होता, त्यामुळे बहीण म्हणा, आई म्हणा, सगळं तीच. जिभेने बाई भलतीच तिखट. फाउंड्रीतली माणसं तिच्या हातचं जेवायची, तिच्या तोंडचं ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी निमूटपणे परत यायची.

खवळलेल्या समुद्रात होडीवरून उड्या मारत वाढलेला मुलगा पवनेच्या गुडघा-कंबर पाण्यात बुडतो, हे तिच्या गळी उतरत नव्हतं. पण दुःखात माणसाला काहीही वाटतं, असं चार जणांनी समजावलं आणि तिने तोंड मिटून घेतलं.

पोलिसांनी परत दिलेली बंडी तिने तेराव्यापर्यंत उलगडली नाही. तेरावं झालं, माणसं पांगली आणि तिने ती मांडीवर घेतली. खिशात काहीतरी टोचलं. बोटभर फांदी निघाली, वाळलेली. बारीक राखी पानं एकमेकांना बिलगलेली आणि टोकाला इवल्या पांढऱ्या फुलांचा झुबका. तिने एक पान जिभेवर ठेवलं. खारट लागलं.

मग तिने बंडी पुन्हा उजेडात धरली, पुढून पाहिली, पाठीकडून पाहिली. ती पांढरीशुभ्र होती. भैरू बुडाला नव्हता. भैरूला कुणीतरी नदीत नेऊन टाकला होता.

२

हिंदुराव हे पोलिसातले निवृत्त जमादार. मूळचे साताऱ्याकडचे, बायको नाही, मुलं नाहीत, दोन्ही वेळा मंजुळाबाईच्या खाणावळीत जेवायचे. नोकरीत असताना ते चोराला मारत नसत. त्याच्यासमोर पान लावत बसत आणि तो कंटाळून बोलायला लागेपर्यंत गप्प राहत. मंजुळाबाईने बंडी आणि ती काडी त्यांच्यापुढे ठेवली.

तिने सांगितलं ते असं. हे झाड म्हणजे रुदंती. हर्णैला भरतीच्या रेषेच्या वर, वाळूत, जमिनीला धरून वाढतं. सकाळी त्याच्या पानांवर खारं पाणी साचतं आणि थेंब थेंब गळतं, म्हणून रडणारी, रुदंती. इकडच्या काळ्या रानात तिने ते कधी पाहिलं नव्हतं. पण शिमग्याच्या आधी भैरू जेवताना म्हणाला होता, "बाय, आमच्या ढिगावर घरचं झाड आलंय बघ. फुलंसुद्धा धरलीत. तुला मुळासकट आणून देतो."

ढीग म्हणजे फाउंड्रीतल्या वाळूचा. ओतकामाच्या साच्याला नदीची वाळू चालते, पण साच्याच्या पोटात जो गाभा बसवतात त्याला समुद्राची बारीक, पांढरी वाळू लागते. ती त्या हिवाळ्यापासून कोकणातून ट्रकने येऊ लागली होती. तिच्याबरोबर बी आलं असणार.

"मग आधी कधीतरी खिशात घातली असंल," हिंदुराव म्हणाले.

"आधी कशी? बंडी मी होळीच्या सांजेला धुतली. खिसे उलटे करून धुते मी. धुळवडीला सकाळी तो धुतलेली घालून बाहेर पडला."

हिंदुरावांनी पान लावायचं थांबवलं.

"आणि दुसरं," मंजुळाबाई म्हणाली. "धुळवडीला कासारवाडीतून थेरगावला चालत गेलेल्या माणसाचा कपडा असा राहतो? पोरंटोरं म्हाताऱ्या भटालासुद्धा सोडत नाहीत. हिच्यावर शेणाचा एक शिंतोडा दाखवा मला."

दाखवण्यासारखा नव्हताच. म्हणजे भैरू नदीपर्यंत पायी गेला नव्हता. घरातून निघून तो जवळच्या फाउंड्रीत गेला, बहिणीसाठी झाड काढायला. कुंपण ओलांडणं त्याला काही अवघड नव्हतं. आणि सुट्टी असूनही फाउंड्रीत कुणीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारचे डबे घेऊन मंजुळाबाई स्वतः फाउंड्रीत गेली आणि परतताना ढिगामागे वळली. पुढून ढीग गुळगुळीत, भरलेला. मागे मात्र, भिंत आणि ढीग यांच्या बोळात, अर्धा ढीग पोखरलेला होता आणि उरलेल्या वाळूवर रुदंती पसरली होती, पांढऱ्या फुलांनी भरलेली. एका जागी वाळू नुकतीच ढासळल्यासारखी दिसत होती. तिने खाली वाकून त्या वाळूवर हात ठेवला आणि भैरू इथेच, या वाळूखाली गेला हे तिला कळलं.

फाउंड्रीच्या फाटकाची किल्ली असे ती रंगराव मिस्त्रीकडे. आणि शिमग्याच्या आधी रंगरावाचं आणि भैरूचं कडाक्याचं भांडण झालं होतं. गाभे ओतकामात फुटत होते, माल भंगारात जात होता, आणि गाभे बनवायचा भैरू. सगळ्यांदेखत रंगराव म्हणाला होता, "पुन्हा गाभा फुटला तर तुलाच साच्यात घालीन."

मंजुळाबाईला आणखी पुरावा नको होता. रुळांच्या कडेला धोतरा माजलेला असतो. तिने त्याची बोंडं आणली, बिया वाळवल्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवल्या.

३

आता यात गंमत बघा. जिच्या पदरात धोतरा, तिच्याच पंगतीला रंगराव दोन्ही वेळा मांडी घालून बसे आणि वर म्हणे, "मावशी, तुमच्या आमटीला तोड न्हाई." मंजुळाबाई वाढत राही. त्याच्या शेजारी भैरूचा जोडीदार सोनबा बसे, बार्शीकडचा शेतकऱ्याचा मुलगा, तोही गाभ्यावरच. भैरू गेल्यावर हा मुलगा तिला मुलासारखा झाला होता. पाणी भरून द्यायचा, लाकडं फोडायचा, भैरूची आठवण निघाली की डोळे पुसायचा. सोनबाच्या पलीकडे, फाउंड्रीत नदीच्या वाळूची खेप टाकून आलेला दिवस असला तर, गेनबा. त्याने भैरूला पाण्यातून काढलं होतं, म्हणून मंजुळाबाई त्याला भाकरीवर तुपाची धार जास्त सोडायची.

हिंदुरावांना गाठीची बातमी लागायला वेळ लागला नाही. ती कधी सोडत नाही, धुतानाही सोडत नाही, असली गाठ जमादाराच्या नजरेतून सुटते का? त्यांनी तिला बसवून घेतलं. म्हणाले, फौजदाराला वाळलेली काडी दाखवली तर तो हसेल. थोडं थांबा. किल्ली रंगरावाची खरी, पण त्याचा कोट जेवणाच्या वेळी कुठं असतो? तुमच्याच खुंटीला. आणि किल्ली त्या कोटाच्या खिशात. ती कुणीही घेऊ शकतं, कुणीही परत ठेवू शकतं.

"कुणीही म्हणजे कोण?" तिने विचारलं.

"ते कळलं की मी तुमचा हात धरणार न्हाई. पण नाव पक्कं व्हईस्तोवर ही गाठ सोडायची न्हाई. पानात वाढलेलं परत घेता येत न्हाई, मंजुळाबाई."

तिने कबूल केलं, आणि पावसाळाभर पाळलंही. मग नारळी पौर्णिमा आली. गावी या दिवशी भैरू सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ घेऊन पाण्यात सगळ्यांच्या पुढे शिरायचा. तिने नारळीभात केला होता आणि रंगराव हसत म्हणाला, "मावशी, आज हात सैल सोडा." त्या एका वाक्याने तिचं डोकं फिरलं. ती आत गेली, एक वाटी वेगळी काढली आणि गाठ दाताने सोडवली.

पाठीमागून हिंदुरावांनी मनगट धरलं. बाहेर पंगत भात मागत होती. अखेर तिने बिया पुन्हा बांधल्या आणि त्याच हाताने रंगरावाला साधा भात वाढला.

"मला सूड हवाय," ती नंतर म्हणाली. "देवाला सांगून झालं, फौजदार हसणार. आता मला माझ्या हाताने हवाय."

हिंदुराव म्हणाले, हवाय तर हवाय. पण ज्याचा आहे त्याचाच घ्या. चुकीच्या माणसाचा घेतलात तर भैरूला मारणारा उद्याही तुमच्याच पंगतीला बसेल आणि वर तुम्हाला फासावर चढताना बघेल. हे मात्र तिला पटलं. तेवढं एकच पटलं.

४

गेनबाची बायको सरुबाई मोशीच्या रानातून गोवऱ्या घेऊन यायची. साधी, बडबडी बाई. पौषात एके दिवशी आली ती गोवऱ्यांवर एक बाटली ठेवूनच.

"तुमचं पोट धरत न्हाई म्हनं बंधू गेल्यापास्नं. आंब आनलीया. रोज घोटभर घ्या."

आंब म्हणजे काय, हे देशावरच्या माणसाला सांगायला नको. हरभऱ्याच्या पानांना आंबट घाम सुटतो. थंडीत संध्याकाळी हरभऱ्यावर धोतर पसरून ठेवायचं, पहाटे ते दवाने भिजलं की पिळायचं. ते आंबट पाणी पोटाला चांगलं, असं सगळ्या शेतकऱ्यांच्या घरी मानतात. मंजुळाबाई कोकणातली, पण इतकी वर्षं इथे राहून तिलाही ते ठाऊक होतं.

सरुबाई म्हणाली, या वर्षी नवल झालं. हरभरा पेरलाच नव्हता. पण गोठ्याच्या कोपऱ्यात, जिथे बैलांना मिठाचा खडा ठेवतो तिथे, आपोआप हरभऱ्याची रोपं उगवली. कुठनं बी सांडलं देव जाणे. खुरटीच राहिली, घाटा म्हणून धरेना. म्हटलं निदान आंब तरी घेऊ. "पन चव जरा येगळीच हाय बघा. जमीन खारी हाय नव्हं तिथली."

मंजुळाबाईने बाटली तोंडाला लावली.

आंबटपणाचा लवलेशही नव्हता. खारट. हर्णैच्या वाळूत सकाळी लहानग्या भैरूला कडेवर घेऊन ती फिरायची आणि तो हात खाली सोडून पानांवरचे थेंब चाटायचा, तेच. तिने घोट गिळला आणि बाटलीला बूच लावलं.

"सरु, त्या कोपऱ्यात तुझा नवरा काय टाकतो गो?"

"काय टाकनार? गाडीतली पोती झटकतो. वाळूची."

नदीच्या वाळूच्या पोत्यात समुद्राच्या झाडाचं बी कसं आलं, हे सरुबाईच्या डोक्यातही आलं नाही. मंजुळाबाई मात्र दुपारच्या गाडीवानाबरोबर मोशीला गेली. गेनबा खेपेवर होता. गोठ्याच्या कोपऱ्यात रोपं होती आणि एकदोन टोकांना इवली पांढरी फुलं नुकती उमलत होती. तिने एक गड्डा मातीसकट मागून घेतला. सरुबाईने आनंदाने खणून दिला.

संध्याकाळी तो गड्डा हिंदुरावांच्या पुढे ठेवून ती म्हणाली, "आता नाव पक्कं झालं. गेनबा. मी त्याला तूप वाढत होते."

"अर्धंच झालं," हिंदुराव म्हणाले. "गाडी गेनबाची. पण त्याला फाटक उघडून दिलं कुणी? किल्ली काढली कुणी? गेनबा आत येतो तो खेप टाकायला, तुमच्या खुंटीपाशी त्याला कधी बघितलाय? एक दुसरा हाय. त्या खुंटीपाशी रोज बसतात ते दोघंच, रंगराव आणि सोनबा."

"सोनबा नव्हे," ती पटकन म्हणाली.

हिंदुरावांनी गड्डा कुंडीत लावायला सांगितला, आणि उद्या दुपारच्या पंगतीला तो मध्यभागी ठेवायला सांगितला.

५

दुपारी तिघे ओळीने बसले. रंगराव, सोनबा, गेनबा. हिंदुराव समोर. आतल्या खोलीत चौकीचा हवालदार जेवायला बसवला होता आणि मधल्या दाराला नुसता पडदा होता. कुंडी मंजुळाबाईने मधोमध ठेवली, जणू सणाची शोभा.

गेनबाने ती पाहिली आणि त्याचा घास हातातच राहिला. हिंदुरावांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याचं काय ते आधीच कळलं होतं.

रंगराव पिठलं ओरपत म्हणाला, "मावशी, हरभरा कुंडीत कशाला लावला? जागा कमी पडली का रानात?" आणि हात लांब करून त्याने एक फांदी तोडली. "आंब धरलीया का बघू."

"हरभरा न्हाई ते," सोनबा मान खाली घालून जेवता जेवता म्हणाला. "खारट लागंल."

रंगरावाने पान चावलं आणि तोंड वाकडं केलं. "खरंच की. मीठच हाय निस्तं."

हिंदुरावांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "सोनबा, तू बार्शीचा. घरी हरभरा पिकतो. रंगराव फसले, सरुबाई फसली, मीही फसलो असतो. तू कसा फसला न्हाईस?"

"ढिगावर बघितलं व्हतं. फाउंड्रीत."

"आणि चाखलंही?"

"भैरूनं दिलं व्हतं."

"ढिगाच्या कुठल्या अंगाला व्हतं?"

"हे काय, पुढंच. सगळ्यांनी बघितलंय."

रंगराव जेवायचा थांबला. "पुढं? मी रोज त्या ढिगाम्होरं उभा ऱ्हातो. एक काडी न्हवती त्याच्यावर."

हिंदुराव शांतपणे बोलू लागले, पंगतीला गोष्ट सांगावी तसे. झाड होतं ते फक्त मागे, भिंतीच्या बोळात. मंजुळाबाईने ते डोळ्यांनी पाहिलंय. मागे जायचं काम ना मिस्त्रीला, ना गाभेवाल्याला, कारण वाळू पुढून उचलतात. मागे जाई तो समुद्राची वाळू चोरून दुसऱ्या फाउंड्रीला विकणारा, कारण पुढून ढीग भरलेला दिसायला हवा. चोरलेल्या जागी नदीची वाळू मिसळली जाई, म्हणून गाभे फुटायचे आणि शिव्या भैरूला बसायच्या. "ज्यानं हे झाड ओळखलं न्हाई तो सुटला. रंगराव, तुमच्या चुकीनं तुमाला वाचवलं. आणि सोनबा, तुला तुझ्या शहाणपणानं धरलं. आता खोटंच बोलायचं तर एवढं तरी सांग, भैरूनं तुला ते कवा दिलं? खिशात घातलं ते धुळवडीला. आधी त्यानं ते तोडलंच न्हवतं. मुळासकट आणायचं म्हणून ठेवलं व्हतं."

सोनबा ताट सारून उठायला लागला.

"बस," मंजुळाबाई म्हणाली. "ताक संपवलंस ना?"

त्याने रिकाम्या पेल्याकडे पाहिलं. तिने पदराचं टोक पुढे घेतलं. महिनोन्‌महिने खाणावळीतल्या प्रत्येकाने पाहिलेली ती गाठ सुटलेली होती आणि तिच्यात काही नव्हतं.

"धोतरा होता तिच्यात," ती म्हणाली. "भैरूच्या तेराव्यापासून जपलेला."

६

माणूस इतक्या लवकर पांढरा पडतो, हे रंगरावाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. सोनबाने घशात बोटं घातली, काही होईना. त्याने मिठाचं पाणी मागितलं. मिठाचा डबा मंजुळाबाईच्या हाताशीच होता. तिने त्यावर हात ठेवला आणि जागची हलली नाही.

आधी गेनबा फुटला. रडत, कपाळ बडवत त्याने सांगितलं. भैरू अचानक बोळात आला, झाड उपटून खिशात घालत होता आणि वर पाहतो तर हे दोघे पोती भरतायत. तो ओरडला की मिस्त्रीला सांगतो. सोनबाने त्याला ढकललं, तो पोखरलेल्या जागेत पडला आणि वरचा सगळा ढीग त्याच्यावर ढासळला. "मी उकराया धावलो, बाई. देवाशपथ धावलो. ह्यानं फावडं आडवं धरलं. म्हनला, ऱ्हाऊ दे, बाहीर आला तर आपुन दोघं आत जाऊ. वाळूतनं हात वर आला व्हता त्याचा. हलत व्हता. मग ऱ्हायला." नंतर पोत्यांखाली घालून त्यांनी त्याला धुळवडीच्या धांदलीत गाडीने नदीवर नेला, बंडी काढून घडी घातली. खिसा बघायचं कुणाला सुचलं नाही.

मंजुळाबाईने हे सगळं उभ्याने ऐकलं. सोनबा तिच्या पायाशी आला होता.

"मावशी, मीठ दे. मी केलं. फावडं मीच धरलं. पाया पडतो, मीठ दे."

"हात वर आला होता, तेव्हा तू काय करत होतास?" तिने विचारलं.

"उभा व्हतो."

"मग मीपण उभी आहे."

त्याला ओकारी यायची ती आली नाही, मरणही आलं नाही. आला तो हवालदार, पडदा सारून. दोघांना चौकीवर नेताना सोनबा रस्ताभर पाणी मागत होता आणि आपलं पोट दाबून बघत होता. रंगराव दारात उभा राहून ते पाहत होता. थोड्या वेळाने तो आत आला, आपलं पान स्वतः उचललं आणि म्हणाला की भैरूला बोललो ते मला फार लागतंय. मंजुळाबाई म्हणाली, मी तुला नारळी पौर्णिमेला मारणार होते, तेव्हा फिटंफाट. त्याला ते थट्टेत वाटलं.

सगळे गेल्यावर हिंदुरावांनी सोनबाचा पेला उचलून वास घेतला.

"खरंच घातला व्हतात?"

"सकाळी चुलीत टाकला. खाणावळ आहे ही, जमादार. उद्या माणसं जेवायला येणार."

"मग त्याला सांगू का? चौकीत बोंबलत बसला असंल."

मंजुळाबाईने कुंडी उचलली आणि उन्हात नेऊन ठेवली. रुदंतीची पानं दुपारच्या उन्हात कोरडी होती.

"नको," ती म्हणाली. "आज नाही मेला, तर उद्या त्याला कळेल की ताकात नव्हता. मग वाटेल, भाकरीत असेल, हळूहळू चढणारा. मग तुरुंगातल्या आमटीत वाटेल, कारण मी जिवंत आहे आणि माझे हात कुठवर पोचतात ते त्याला ठाऊक नाही. जगू दे त्याला. खूप जगू दे. दोन्ही वेळा त्याच्यापुढे ताट येईल आणि दोन्ही वेळा पहिला घास तोंडापाशी नेऊन तो थांबेल. मला तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी सरुबाई आली. गोवऱ्या नव्हत्या, हात मोकळे होते. ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "माज्याच हातानं बाटली आनली म्यां."

मंजुळाबाईने सूड मागितला होता, तो मिळाला होता, आणि तो या बाईच्या चांगुलपणातून मिळाला होता. तिला त्याचा पश्चात्ताप झाला नाही, हेही खरंच. ती आत गेली, पान वाढलं आणि सरुबाईच्या पुढे आणून ठेवलं.

सरुबाई पानाकडे बघत राहिली. धोतऱ्याची गोष्ट तिच्याही कानावर गेली होती. तिचा हात पुढे होईना.

मग मंजुळाबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसली, त्या पानातली भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि पहिला घास स्वतः खाल्ला.